चाळीस दिवस पाळले, आता पन्नास पाळू या : आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना आणि पंचांना खुले पत्र

इंदूर, मार्च २०२६

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच मंडळी,

प्रभूच्या नावाने सलाम.

आपली उपासना हिंदीत होते आणि फाटकात भेटलो की आपण एकमेकांना 'जय मसीह की' म्हणतो. तरी हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत जेवताना, रागावताना आणि रडताना मराठीच बोलली जाते. बैतूल, मुलताई, पांढुर्णा, छिंदवाडा इथून कोणी नोकरीसाठी आलं, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, आणि सगळे इथलेच झालो. बैठकीत शेवटी 'आणखी कोणाला काही बोलायचं आहे का' असं विचारलं जातं तेव्हा पाच मिनिटांत सांगून होईल अशी ही गोष्ट नाही, आणि उज्जैन-देवासच्या आपल्या लोकांनीही ती वाचावी असं वाटतं. म्हणून पत्र उघडं ठेवलं आहे.

लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, ४० दिवस आपण नेमाने पाळतो. राखेच्या बुधवारपासून दर शुक्रवारची उपासना, घराघरांतल्या सभा, उपवास, गुड फ्रायडेला बारा ते तीन वधस्तंभाजवळ बसणं. मग ईस्टरची पहाट, कब्रस्तानातल्या मेणबत्त्या, नवे कपडे, फोटो. आणि पुढच्या रविवारी अर्धी बाकं रिकामी. खरं तर ईस्टरचा काळ एका दिवसाचा नाहीच. तो पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत चालतो, आणि त्या शब्दाचा अर्थच पन्नासावा. यंदा ईस्टर ५ एप्रिलला आणि पेंटेकॉस्ट २४ मेला आहे. दुःखासाठी ४० दिवस आहेत तर आनंदासाठी ५०, अशी ही जुनी मांडणी आहे, आणि आपण तिचा मोठा भाग वापरतच नाही. माझी विनंती एवढीच, की हे ५० दिवस मंडळीने माणसांना उभं करण्यासाठी द्यावेत. नुसतं आत्म्याने नव्हे. शरीराने, मनाने, संसाराच्या हिशोबाने आणि एकमेकांच्या सोबतीनेही.

मला हे का सुचलं, ते सांगते.

मी ३४ वर्षं स्टाफ नर्स होते. गेल्या वर्षी जानेवारीत माझे यजमान गेले. पहिले आठ-दहा दिवस घर भरलेलं होतं. बहिणींनी डबे आणले, तरुण संघाच्या मुलांनी खुर्च्या वाहिल्या, कब्रस्तानची सगळी धावपळ पंचांनी केली. ते मी कधी विसरणार नाही. मग लेंत लागला आणि माझी झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच. कुकर लावायचा आणि जेवायचं राहून जायचं. मार्चअखेर वजन पाच किलोंनी उतरलं होतं. झोप, भूक आणि कशातलंही मन दोन-दोन आठवडे परत आलं नाही तर ते नुसतं दुःख राहत नाही, तो आजार असू शकतो, हे मी वॉर्डात कितीतरी नातेवाइकांना समजावलं आहे. स्वतःच्या वेळी मात्र मला वाटत राहिलं, की माझा विश्वास कमी पडतो आहे. उपासनेनंतर कोणी 'कशा आहात' विचारलं की 'प्रभूची कृपा' म्हणून मी पुढे व्हायची. दोघी-तिघींनी मायेनेच सांगितलं, 'ताई, प्रार्थना वाढवा.' मी वाढवली. झोप आली नाही.

ईस्टरच्या पहाटे, २० एप्रिलला, यजमानांच्या कबरीपाशी सगळ्यांबरोबर 'प्रभू उठला आहे' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. आपल्यातल्या एका बहिणीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती दारात उभी. म्हणाली, 'चपला घाला, बगीच्यात जाऊ.' तिने वचन सांगितलं नाही, उपदेश केला नाही. आम्ही दोन चकरा मारल्या, बाकावर बसलो, परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी मी बोलायची, कधी दोघी गप्प. तिसऱ्या आठवड्यात तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टर सांगतात तशा अजून घेते आहे. गेल्या वर्षीचं माझं पुनरुत्थान त्या बाकावर झालं, आणि तेही एकदम नाही, थोडं थोडं.

पुढे एका रात्री लूकचा चोविसावा अध्याय उघडून बसले तेव्हा लक्षात आलं, की पहिल्या ईस्टरलाही हेच झालं होतं. दोघं खचलेली माणसं यरुशलेमहून अम्माऊसच्या वाटेला लागली होती. साठ स्टेडियांची ती वाट, म्हणजे आजच्या हिशोबाने सुमारे अकरा किलोमीटर. उठलेला प्रभू त्यांच्यात येऊन चालू लागला. आधी त्याने विचारलं, कशाबद्दल बोलत चालला आहात? त्यांचं सगळं ऐकून घेतलं. शास्त्र नंतर उलगडलं, आणि ओळख पटली ती भाकर मोडताना. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तर तो तळ्याकाठी कोळशांचा विस्तव करून मासे भाजतो आणि रात्रभर जागलेल्या शिष्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. चालणं, ऐकणं, न्याहारी. ईस्टरनंतरच्या दिवसांत प्रभूने काय केलं, तर हे केलं. थोमाला त्याने जखमांचे व्रण दाखवले. उठलेलं शरीरही शरीरच होतं, व्रणांसकट.

आपण ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले, आहोत म्हणून आणखी एक आठवण करून देते. दृढीकरणाच्या वर्गात ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी आपण सगळ्यांनी पाठ केली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे', यातली रोजची भाकर म्हणजे काय? मला वर्गात छडीच्या धाकाने पाठ झालेलं ते उत्तर आता सावकाश वाचताना भरून येतं. अन्न आणि पाणी तर आहेच. कपडे, पादत्राणं, घर, शेत, गुरं, पैसा आहे. मग चांगला जोडीदार आणि मुलं, चांगलं सरकार, चांगलं पाऊसपाणी, शांतता, आरोग्य, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. म्हणजे बीपीची गोळीही रोजच्या भाकरीतच येते आणि सहा वाजता दारात येणारी मैत्रीणही. आपल्या मालव्याची म्हण आहे, 'पग-पग रोटी, डग-डग नीर'. मंडळीत पावलापावलावर ही रोटी मिळायला हवी.

स्वतः ल्यूथर काही निरोगी माणूस नव्हता. मुतखडा, चक्कर, कानांत सततचा आवाज आणि मनाची अशी काळोखी, की १५२७ च्या उन्हाळ्यात तो कोसळला आणि आपण आता जगत नाही असंच त्याला वाटलं. त्याच वर्षी विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गावी गेलं, तो थांबला. पत्नी काथारीना गरोदर होती, तरी त्यांच्या घरात आजारी माणसं होती. त्या दिवसांत त्याने लिहिलेल्या पत्रात काय आहे? प्रार्थना करा, आणि औषध घ्या, घर धुरी देऊन शुद्ध करा, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊन संसर्ग पसरवू नका. कोविडमध्ये आपल्याला जे सांगितलं जात होतं त्याहून हे फार वेगळं नाही. १५३० मध्ये उदासीने ग्रासलेल्या एका तरुण मित्राला त्याने कळवलं, की एकटा राहू नकोस, माणसांत जा, हस, खेळ. 'विश्वास वाढव' एवढंच सांगून त्याने पत्र संपवलं नाही. पुढे १५३७ च्या श्माल्काल्ड लेखांत, म्हणजे त्याने केलेल्या विश्वासाच्या मांडणीत, देवाची कृपा आपल्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनी येते हे सांगताना, वचन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्या ओळीत त्याने भावाबहिणींचं एकमेकांशी बोलणं आणि सांत्वन करणं हेही ठेवलं. बगीच्यातला तो बाक त्या ओळीत बसतो असं मी मानते.

अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळ्यांत यासाठी एक चाकाचं चित्र वापरतात. मधोमध बाप्तिस्म्यातून मिळालेलं नवं जीवन. भोवती शरीर, भावना, बुद्धी, माणसांतली नाती, आपलं काम आणि पैसा. सगळ्यांना कवेत घेणारा बाहेरचा घेर आत्मिक जीवनाचा. मी बैतूलकडच्या खेड्यात वाढले, बैलगाडीचं चाक रोज पाहिलं आहे. बाहेरची लोखंडी धाव कितीही मजबूत असो, एक आरा सैल झाला की भरलेली गाडी उतारावर कुरकुरू लागते. आपण मंडळीत धाव ठोकून घट्ट करतो आणि आऱ्यांकडे बघत नाही. हे आपल्या परंपरेला नवीन आहे असंही नाही. स्वीडिश मिशनरी १८७० च्या दशकाच्या अखेरीस या भागात आले तेव्हा उपदेशाबरोबर शाळा आणि औषधही आलं, आणि बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं रुग्णालय आजही आपल्याच मध्य प्रदेशच्या ल्यूथरन चर्चचं आहे.

आता मागणं काय, ते सांगते.

पहिलं माझ्या हातातलं. दर रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात एक टेबल आणि बीपीचं मशीन असावं. वर्षातून एकदा बॅनर लावून शिबिर नको. शिबिरात एकदाचा आकडा कळतो, त्याचं पुढे काय झालं ते कोणी विचारत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. दर तिसरा माणूस. आपली बाकं मोजून पाहा. यातल्या कितीतरी जणांना ते ठाऊकच नसतं, कारण रक्तदाब दुखत नाही. माझ्या नाइट ड्यूटीत लकवा मारून आलेल्या किती माणसांची घरची मंडळी म्हणायची, 'सिस्टर, त्यांना काहीच नव्हतं हो.' वही मी सांभाळीन, ती कोणाला दिसणार नाही, आणि ज्याचा आकडा वाढलेला असेल त्याला पुढच्या रविवारी मी स्वतः शोधीन.

उपवासाबद्दल पाळकसाहेबांनी मंचावरून स्पष्ट बोलावं, आणि ते गुड फ्रायडेच्या आधी, ३ एप्रिलच्या आधी बोलावं. मधुमेहाच्या काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की साखर धोक्याइतकी खाली जाते. ग्लिमेपिराइड त्यांतलीच, आणि ती आपल्या बऱ्याच घरांत आहे. दोन वर्षांपूर्वी तीन तासांच्या उपासनेत एक काका घामाघूम होऊन बाकावर कलंडले. सगळ्यांना वाटलं, ते प्रार्थनेत रमले आहेत. माझ्या पर्समध्ये खडीसाखर होती. उपवास ही चांगली बाह्य शिस्त आहे, पण प्रभुभोजनाला लायक करतो तो 'तुमच्यासाठी दिले' या शब्दांवरचा विश्वास, असं त्याच लहान प्रश्नोत्तरीत आहे. मग काकांना नाश्ता करून यायला सांगण्यात अडचण कसली? हे मंचावरून ऐकल्याशिवाय आपले वडीलधारे मानणार नाहीत, माझं तर मुळीच मानणार नाहीत.

उपासनेनंतरच्या चहाबरोबर कचोरी-जिलबी असते. ती बंद करा असं मी म्हणत नाही, हे इंदूर आहे. तिच्या शेजारी मोड आलेली उसळ, कापलेली काकडी आणि बिनसाखरेच्या चहाची वेगळी केटली असू द्या, म्हणजे ज्याला नको म्हणायचं आहे त्याला हात रिकामे ठेवून कोपऱ्यात उभं राहावं लागणार नाही.

आपल्याकडचा वसंत तसा थोडक्याचा. होळीला पळस पेटतो, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघते आणि राजवाड्याचे रस्ते धुऊन होतात न होतात तोच ऊन चढायला लागतं. पाडव्याला शेजारच्या काकू कडुनिंबाचा कोवळा पाला आणि गूळ देऊन गेल्या, आणि आज दुपारी पंखा पाचवर आहे. एप्रिल-मेच्या रविवारी अकराच्या उन्हात सत्तरीतली माणसं ऑटो शोधत उभी असतात. तेव्हा ईस्टरच्या दुसऱ्या रविवारपासून उपासना आठला घ्यावी. आठवड्याची घरसभा कोणाच्या तरी गच्चीवर, अंधार पडल्यावर. मालव्याच्या रात्रीचं इतकं नाव आहे, तिचा उपयोग करू या.

मनाच्या आजाराबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचं आहे. आपण प्रार्थनेच्या यादीत टायफॉइड म्हणतो, पित्ताशयातला खडा म्हणतो, कॅन्सरही म्हणतो. डिप्रेशन कधी म्हणत नाही. त्याला 'अडचण' म्हणतो, 'परीक्षा' म्हणतो, कधी 'सैतानाचा हल्ला' म्हणतो, आणि ज्याला तो आजार आहे तो शेवटच्या बाकावर बसून ऐकत असतो. मी ऐकलं आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता माझा प्राण घे' म्हणत आडवा झाला तेव्हा देवदूताने त्याला दरडावलं नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर. ईस्टरच्या काळातला एक रविवार या अध्यायासाठी द्यावा आणि त्या दिवशी आजाराचं नाव घेऊन प्रार्थना व्हावी. ज्याची इच्छा असेल त्याचंच नाव घ्यावं, हेही तितकंच महत्त्वाचं. आणि सूचना फलकावर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा. ही सरकारची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

फलक लावताना मला भंवरकुआंची मुलं आठवतात. बैतूल-छिंदवाड्याहून कोचिंगसाठी आलेली, होस्टेलच्या एका खोलीत दोघं-तिघं राहणारी. आपल्याकडे रविवारी मागे येऊन बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. एप्रिल-मे हा त्यांचा जीव टांगणीला लागलेला काळ, बोर्डाचे निकाल आणि प्रवेश परीक्षा एकामागून एक. त्या सात रविवारी एकेका घराने दोन-तीन मुलांना जेवायला न्यावं. वरण-भात, भाजी-पोळी, दुपारची झोप. अभ्यासाबद्दल, मार्कांबद्दल त्या घरात कोणी विचारायचं नाही, एवढाच नियम. माझं नाव पहिल्या रविवारी लिहा.

लग्नसराईत काढलेली कर्जं हाही एक सैल आरा आहे. पंचांपैकी एक भाऊ बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली तर लोक त्यांच्याजवळ बसून हिशोब मांडतील. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

शेवटी पाळकसाहेब, तुमच्याबद्दल, आणि हे पंचांनी नीट वाचावं. ते चाकाचं चित्र मुळात पाळकांच्या आणि चर्चच्या सेवकांच्या आरोग्यासाठी तयार झालं. लेंतमध्ये तुम्ही किती सभा घेतल्या ते मी पाहिलं आहे, मोटरसायकलवर, घसा बसलेला असताना. यजमानांच्या शेवटच्या रात्री तुम्ही हॉस्पिटलात पहाटे चारपर्यंत होता आणि सकाळी दहाला उपासना घेतलीत. आठवड्यातला एक पूर्ण दिवस पाळकांचा असावा. त्या दिवशी फोन एका पंचाने घ्यावा, आणि ईस्टरनंतर एक आठवडा पाळकीणबाई आणि मुलांसह त्यांना गावी जाऊ द्यावं. त्या रविवारचा संदेश आपल्यातलं कोणी वाचून दाखवील. पंचांना वाटत असेल की हे पाळकसाहेबांनीच मागावं, तर ते मागणार नाहीत. म्हणून मी मागते आहे.

झावळ्यांच्या रविवारी, २९ तारखेला, आपली बैठक आहे. त्यात हे पत्र वाचलं जावं. निर्णय काहीही होवो, ५ एप्रिलला पहाटेच्या उपासनेनंतर मी मशीन घेऊन येणारच आहे. मला एक टेबल, दोन खुर्च्या आणि सावलीची जागा लागेल. व्हरांड्याच्या कपाटाची चावी सध्या कोणाकडे असते, तेवढं कळवावं. आणि ज्यांना चालायला यायचं आहे त्यांच्यासाठी : आम्ही दोघी अजूनही सकाळी सहालाच निघतो.

आपली बहीण,
महिला मंडळातली एक निवृत्त नर्स